मोठ्यांची भातुकली

लहान मुलींनीं ओसरीवर भातुकली मांडली, म्हणजे घरांतलीं मोठीं माणसें कौतुकानें थबकतात. चिमुकल्या चुलीवर चिमुकलें पातेलें चढतें, चुरमुऱ्यांचा भात शिजतो, बाहुलीला ताप येतो, आणि एरव्हीं कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या आजोबांनाहि पानावर बसून खोटा वरणभात खऱ्या आवडीनें जेवावा लागतो. पण तीच भातुकली एखाद्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, चांगल्या शिकलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या मुलीनें मांडली, तर मात्र घरांत कुजबूज सुरू होते. 'हिला झालें आहे तरी काय?' असा प्रश्न एकमेकांच्या डोळ्यांतून विचारला जातो. आमच्या घरांत गेलें दीड वर्ष हा प्रश्न घुमत आहे. त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हीं जें पाहिलें, वाचलें आणि ऐकलें, तें आमच्यासारख्याच इतर एकत्र कुटुंबांच्या उपयोगीं पडेल, या समजुतीनें येथें मांडीत आहों.

आमची पुतणी, म्हणजे दादांची धाकटी मुलगी, स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं दोन वर्षें राहून परत आली, ती एक निराळीच टूम घेऊन आली. जातांना ती चारचौघींसारखी जीनची विजार आणि सदरा घालणारी मुलगी होती. आली तेव्हां अंगांत बारीक फुलांचा, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक; त्याला गळ्याशीं गोल, बसकी, पांढरी कॉलर; वर हातानें विणलेला, निरनिराळ्या बटणांचा स्वेटर; पायांत उंच मोजे आणि पट्ट्याचे बूट; आणि कपाळावर भुवयांबरोबर सरळ कापलेले केंस. तिची खोलीहि महिन्याभरांत पालटली. चहाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत पेन्सिली आल्या, बिनकानाच्या कपांतून खिडकींत रोपें आलीं, वाळविलेल्या पानाफुलांच्या चौकटी भिंतीवर आल्या, आणि माळ्यावर वर्षानुवर्षें धूळ खात पडलेलें आमच्या वडिलांचें टंकलेखन-यंत्र तिच्या टेबलावर येऊन बसलें. चहा ती किटलींतून कपबशींत ओतून घेते, आणि किटलीला थंडी वाजूं नये म्हणून तिला लोकरीचें झबलें घालते. मैत्रिणींना टपालानें पत्रें पाठविते. मोबाइल फोन तिच्यापाशीं आहेच, कारण तिची सारी नोकरी त्यावर आणि संगणकावर चालते. पण त्यालाहि तिनें लोकरीची पिशवी विणली आहे.

घरांत अर्थातच तट पडले. दादांनीं एका शब्दांत निकाल दिला, "पोरखेळ!" वहिनींची काळजी अधिक खोल होती. परदेशांतल्या एकटेपणानें मुलगी मनानें मागें मागें जाऊं लागली कीं काय, असें त्यांना वाटे. आमचे चिरंजीव तिला उघड उघड 'आजीबाई' म्हणूं लागले. आमच्या सौभाग्यवतीनें मात्र कांहींच मत दिलें नाहीं. तिनें तेवढा किटलीच्या झबल्याचा नमुना गुपचूप उतरवून घेतला.

या टुमेला इंग्रजींत 'ट्वी' म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ति मोठी मौजेची आहे. इंग्रज मुलांना 'स्वीट', म्हणजे गोड, हा शब्द नीट उच्चारतां येत नाहीं आणि त्यांच्या बोबड्या तोंडीं त्याचें 'ट्वी' होतें. आमच्या घरांतलें शेंडेफळ लाडवाला 'गोद लादू' म्हणतें, त्यांतलाच हा प्रकार. १९०५ च्या सुमारास हा शब्द छापील इंग्रजींत आढळूं लागतो. आरंभीं तो निव्वळ कौतुकाचा होता. पुढें त्यांत उपहास शिरला, आणि जें गरजेपेक्षां अधिक गोड, अधिक गोंडस, अधिक लाडिक, तें 'ट्वी' ठरूं लागलें. आपल्याकडेहि 'लाडोबा' हा शब्द कौतुकाचा किती आणि कुचेष्टेचा किती, हें बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ओळखावें लागतें.

योगायोग असा, कीं त्याच १९०५ सालीं या वेषाच्या मुख्य खुणेचें बारसें झालें. जे. एम. बॅरी या स्कॉटिश लेखकाचें 'पीटर पॅन' हें नाटक २७ डिसेंबर १९०४ रोजीं लंडनच्या रंगभूमीवर आलें. कधींहि मोठा न होणारा मुलगा हा त्याचा नायक. पुढच्या वर्षीं न्यूयॉर्कमध्यें मॉड अ‍ॅडम्स या नटीनें ती भूमिका केली, आणि तिच्या पोषाखांतील गोल कॉलरीला 'पीटर पॅन कॉलर' असें नांव पडलें. आमच्या पुतणीच्या गळ्याशीं असते ती हीच. ज्यांनीं मोठें व्हावयाचें नाकारलें, त्यांचें हें जणूं जानवेंच म्हणा ना!

परंतु ही टूम केवळ कपड्यांची नाहीं; ती संगीताच्या पाठीवर जन्मलेली आहे. १९८६ सालीं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या लंडनच्या साप्ताहिकानें नवीन, लहान लहान गायक-मंडळींच्या बावीस गाण्यांची एक ध्वनिफीत काढली. तिचें नांव 'सी ८६'. दणदणाट, चामडी कोट आणि पुरुषी आक्रस्ताळेपणा यांची त्या काळच्या रॉक संगीतांत चलती होती. तिला कंटाळलेलीं हीं मुलें-मुली हलक्या, लाजऱ्या, प्रसंगीं किंचित् बेसूर आवाजांत साध्या प्रेमाचीं आणि शाळकरी दुःखांचीं गाणीं गात. त्यांतील कित्येकांनीं लहान मुलांचे टोपीचे पावसाळी कोट अंगांत चढविले आणि केंसांत शाळकरी चापा लावल्या. आडदांडपणाला उत्तर म्हणून आडदांडपणा न करतां, मुद्दाम लहान होऊन दाखविण्याची ती युक्ति होती.

१९८७ सालीं ब्रिस्टल शहरांत एका तरुणानें आणि एका तरुणीनें 'सारा रेकॉर्ड्स' नांवाची संस्था काढली. सात इंची छोट्या तबकड्या काढावयाच्या, त्यांबरोबर हातानें घडी घातलेलीं चित्रें द्यावयाचीं, असा त्यांचा घरगुती कारभार. १९९५ सालीं शंभराचा आंकडा गाठला आणि त्यांनीं आपण होऊन संस्था मिटली. धंदा म्हटला कीं तो वाढवीतच नेला पाहिजे, या समजुतीच्या जगांत 'पुरे' म्हणणारे हे दोघे आम्हांला मोठे धीराचे वाटतात. ऑक्सफर्डच्या 'टालुला गॉश' या मंडळींत गाणारी अमेलिया फ्लेचर ही पुढें अर्थशास्त्राची डॉक्टर झाली आणि बाजारांतील स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग' या ब्रिटिश सरकारी कचेरीची मुख्य अर्थशास्त्रज्ञ म्हणून तिनें काम पाहिलें. गोंडस गाणीं गाणाऱ्या मुलींच्या डोक्यांत कांहीं नसतें असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. आम्हीं ही हकीकत दादांना मुद्दाम ऐकविली. त्यांनीं वर्तमानपत्र जरा वर धरलें.

ग्लासगोचा या प्रकरणांतील वांटा मोठा आहे. 'बेल अँड सेबास्टियन' ही या पंथांतील सर्वांत प्रसिद्ध मंडळी १९९६ सालीं तेथेंच निघाली. एक मुलगा आणि त्याचा कुत्रा यांच्या फ्रेंच बालकथेवरून तिनें आपलें नांव घेतलें. तिचा प्रमुख स्टुअर्ट मर्डॉक हा तरुणपणींच सततच्या थकव्याच्या एका चिवट आजारानें वर्षानुवर्षें घरीं पडून होता. धांवत्या जगांतून बाहेर फेंकल्या गेलेल्या त्या काळांत तो गाणीं रचूं लागला. पहिली तबकडी एका कॉलेजांतील अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघाली आणि तिच्या अवघ्या एक हजार प्रती काढल्या गेल्या. हें वाचल्यावर या हळव्या सुराचा उगम आम्हांला उलगडला. आजारांतून उठणारें माणूस जसें हळू बोलतें, खिडकींतल्या चिमणीकडेहि तासभर पाहूं शकतें, पेजेची चव तपशिलानें सांगतें, तसा हा सूर आहे. त्याला पोरखेळ म्हणणें सोपें आहे. पण तो खेळ बहुधा दुखण्याच्या उशाशीं बसून शिकलेला असतो.

एकदां आम्हीं पुतणीला सरळच विचारलें, "बाई, हें सगळें तूं कुठें शिकलीस?" ती म्हणाली, "काका, ग्लासगोला डिसेंबरांत दुपारीं पावणेचारला सूर्य मावळतो. काम संपवून अंधारांत खोलीवर यायचें आणि अंधारांतच दुसऱ्या दिवशीं बाहेर पडायचें. आठ आठ दिवस मराठी शब्द तोंडांत यायचा नाहीं. एका धर्मादाय दुकानांत एक जुनी किटली आणि तिचें विणलेलें झबलें मिळालें. कुण्या म्हातारीनें विणलेलें असेल. तें आणलें, आणि खोलींत कुणीतरी राहायला आलें असें वाटलें. मग मी स्वतःच विणायला शिकलें." एवढें सांगून ती हंसली. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या. त्या दिवसापासून त्यांचा विरोध मावळला.

तथापि या पंथाची दुसरी बाजू न सांगणें म्हणजे वाचकांशीं लबाडी होईल. जें हातानें करण्यांत गंमत होती, तें यंत्रानें करून विकण्यास बाजाराला वेळ लागला नाहीं. १९९३ सालीं लंडनच्या हॉलंड पार्क भागांत कॅथ किडस्टन या बाईंनीं जुन्या वळणाच्या फुलाफुलांच्या कापडाचें व वस्तूंचें एक लहानसें दुकान थाटलें. बघतां बघतां त्याच्या शाखा देशोदेशीं पसरल्या. आणि २०२० सालीं त्यांचीं ब्रिटनमधील दुकानें बंद झालीं. २००१ सालच्या 'अमेली' या फ्रेंच चित्रपटानें आणि वेस अँडरसनच्या 'द रॉयल टेनेनबाम्स' या अमेरिकन चित्रपटानें या आवडीला पडद्यावर नेलें. २०११ सालीं सुरू झालेल्या 'न्यू गर्ल' या अमेरिकन मालिकेनें तिला घरोघर पोंचविलें. मग गोल कॉलरींचा पूर आला, पूर आल्यावर चिखल झाला, आणि हसें होऊन ही टूम मागें पडली. २०२२ च्या आरंभीं इंटरनेटवरील चिमुकल्या चित्रफितींतून ती पुन्हां डोकावली, तेव्हां तिच्याबरोबर आक्षेपहि आले. या जुन्या जगांत सगळ्या मुली गोऱ्या आणि शिडशिडीतच कां? आणि ज्या जुन्या काळाचे गोडवे तुम्ही गातां, तो काळ सगळ्यांना सारखाच गोड होता काय?

हा दुसरा प्रश्न ग्लासगोचा किंवा न्यूयॉर्कचाच राहिला असता, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. तो आमच्या माजघरांत आला.

सदाशिव पेठेंतील आमचा वाडा पाडून तेथें मजल्यांची इमारत उभी राहणार, हें गेल्या वर्षीं ठरलें. अकरा माणसांच्या बिऱ्हाडानें चार पिढ्यांत सांठविलेला संसार नव्या जागांत मावेना, म्हणून माळे उतरविण्याचें काम सुरू झालें. पितळी बंब, पाटा-वरवंटा, दगडी जातें, तीन शेगड्या, रॉकेलचे कंदील, घंगाळें, लोखंडी पलंग, लाकडी पेट्या, असा एक एक जिन्नस चौकांत येऊं लागला आणि आमच्या पुतणीच्या आनंदाला भरतें आलें. तिला सगळेंच हवें होतें. कंदील गॅलरींत टांगूं, जात्यावर कांच बसवून टेबल करूं, आणि बंबांत गुलाब लावूं, असे तिचे बेत चालले होते. तिनें बंबाला चिंच लावून तो घांसलाहि. उन्हांत तो सोन्यासारखा झळकूं लागला. 'जुनें तें सोनें' म्हणतात तें खोटें नव्हे, असें आम्हांलाहि क्षणभर वाटलें.

ओसरीवर मोठ्या काकू जपमाळ घेऊन बसल्या होत्या. काकू आतां पंचाऐंशीच्या घरांत आहेत. त्या इतका वेळ गप्प होत्या. माळ बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, त्या बंबाच्या पोटांत माझीं बावीस वर्षें गेलीं आहेत. पहाटे चारला उठायचें, ओलीं लाकडें फुंकायचीं, एकेकाचें पाणी काढून द्यायचें. पावसाळ्यांत तर धुरानें डोळे उघडत नसत. पोटांत मूल असतांनाहि त्याला सुटका नव्हती. त्यांत तूं गुलाब लाव नाहीं तर मोगरा लाव. मला त्यांतून धूरच येतांना दिसणार."

चौकांत सगळे स्तब्ध झाले. काकूंच्या आवाजांत राग नव्हता. त्यांनीं एक माहिती सांगावी तसें तें सांगितलें होतें. पुतणी चिंचेचा चोथा हातांत घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनें हात धुतले आणि काकूंच्या पायांशीं येऊन बसली. "आजी, मग यांतलें तुला काय ठेवावंसं वाटतें?" तिनें विचारलें. काकूंनीं सगळ्या पसाऱ्यावरून नजर फिरविली आणि म्हणाल्या, "कांहीं नाहीं."

त्यानंतर आठएक दिवसांनीं ज्या गोष्टीसाठीं आम्हीं ही लेखणी उचलली ती गोष्ट घडली. संध्याकाळीं दिवा लावून पुतणी काकूंना नमस्कार करावयास वांकली, तेव्हां काकूंनीं तिच्या गळ्याशीं हात नेला आणि ती गोल कॉलर दोन बोटांत धरून पाहिली.

"ही कुणी शिवली?"

"मींच, आजी."

"टांके मोठे पडले आहेत." काकू बराच वेळ ती कॉलर चांचपीत राहिल्या. "आमच्या शाळेच्या पोलक्याला अश्शीच होती. पांढरीशुभ्र. मी रोज रात्रीं धुवून, तांब्यांत निखारे घालून इस्त्री करीत असें."

मग हळूहळू सगळें बाहेर आलें. १९५७ सालीं काकू सोळा वर्षांच्या होत्या. मॅट्रिकला एकच वर्ष उरलें होतें. स्थळ चांगलें आलें, वडिलांनीं लग्न ठरविलें आणि शाळा सुटली. शेवटच्या दिवशीं घरीं येऊन त्यांनीं तें पोलकें धुतलें, त्याची घडी केली आणि पाठच्या बहिणीला देऊन टाकलें. दोन वर्षांनीं तेंच घालून ती बहीण परीक्षेला बसली आणि पास झाली. "मला तिचा हेवा वाटला नाहीं हो," काकू म्हणाल्या, "पण पेढे वांटतांना त्या पोलक्याची आठवण झाली. लग्नाच्या आदल्या दिवशीं मी पोर होतें आणि दुसऱ्या दिवशीं पांच दिरांची वहिनी झालें. मधलें वय मला मिळालेंच नाहीं."

हें ऐकत असतां आम्हांला त्या बॅरीच्या नाटकाची मूळ कथा आठवली. त्याच्या थोरल्या भावाला, डेव्हिडला, १८६७ सालीं बर्फावर घसरतांना अपघात झाला आणि चौदा वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं तो गेला. बॅरी तेव्हां सहा वर्षांचा होता. आईनें त्या दुःखांत एकच समाधान मानलें, कीं आपला हा मुलगा आतां कायमचा लहानच राहील. पुढें १८९६ सालीं आईवर लिहिलेल्या पुस्तकांत बॅरीनें ही हकीकत सांगितली आहे. कधींहि मोठा न होणाऱ्या मुलाची कल्पना अशा एका घरांतून आली, जेथें एक मुलगा मोठा होऊंच शकला नव्हता. त्या गोल कॉलरीची लोक थट्टा करतात. पण तिचा एक धागा मरणांत गुंतलेला आहे, आणि आमच्या घरांत पाहिलें तर दुसरा धागा एका सुटलेल्या शाळेंत.

येथें आमच्या मनांतला गुंता सुटला. भातुकलीला कोणी वाईट म्हणत नाहीं, त्याचें कारण त्या चुलींत विस्तव नसतो. खेळांतला स्वयंपाक हवा तेव्हां मांडतां येतो आणि हवा तेव्हां मोडतां येतो. संसारांतला स्वयंपाक मोडतां येत नाहीं. पुतणीला बंबाचा डौल दिसला, कारण तिला तो कधीं पेटवावा लागला नाहीं; काकूंना डौल दिसला नाहीं, कारण धुरापलीकडे पाहण्याची सवडच त्यांना मिळाली नाहीं. दोघींचेंहि पाहणें खरें आहे. जुन्या काळाची आवड धरणाऱ्या माणसानें प्रत्येक जुन्या वस्तूला एक प्रश्न विचारावा : ही चालविण्यास कोणाचे हात लागत होते, आणि त्या हातांना 'नको' म्हणण्याची सोय होती काय? उत्तर मिळाल्यावर वस्तु ठेवावी कीं काढावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र विचारल्यावांचून ठेवूं नये. आणि ज्यांनीं ते हात राबविले तीं माणसें घरांत हयात असतील, तर पहिला शब्द त्यांचा असावा.

त्याचबरोबर, जें कष्टाचें होतें म्हणून टाकावयाचें त्याच्याबरोबर जें कोवळें होतें तेंहि फेंकून देणें हा शहाणपणा नव्हे. मागच्या पिढींतल्या स्त्रियांना हौस नव्हती असें नाहीं. हौसेला सवड नव्हती. आज एखाद्या मुलीला स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या खुषीनें, सव्वीसाव्या वर्षीं गोल कॉलरीचा फ्रॉक शिवून घालावासा वाटतो आणि कोणी तिला हटकीत नाहीं, ही तिच्या आजीनें न भोगलेली चैन आहे. 'मोठें कधीं होणार?' असें तिला विचारण्यापूर्वीं आपल्या घरांत कोणाकोणाला घाईनें मोठें केलें गेलें, याची मोजदाद करावी.

शेवटीं घरांत जें ठरलें तें असें. बंब मोडींत गेला. त्याचे पैसे काकूंच्या हातीं दिले, आणि त्यांनीं नव्या घराच्या न्हाणीघरांत त्यांतून गीझर बसवून घेतला. वर कमी पडले ते पुतणीनें घातले. पाटा-वरवंटा आणि शेगड्या गेल्या. जातें मात्र मुहूर्ताच्या घाण्यासाठीं ठेवलें. त्यावर कांच बसविली नाहीं. कंदिलांतला एक राहिला, कारण दिवे गेल्यावर तो खरोखरच उपयोगीं पडतो. टंकलेखन-यंत्र राहिलें. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं भारतांत टंकलेखन-यंत्रें बनविण्यास आरंभ केला आणि २००९ सालीं तें काम थांबविलें, म्हणजे आतां तसलें नवें येणार नाहीं. त्या यंत्रावर आमच्या वडिलांनीं सव्वीस वर्षें दुसऱ्यांचे अर्ज टंकिले. स्वतःसाठीं त्यांनीं एखादें पत्रहि टंकल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांच्या राहून गेलेल्या पत्रांपैकीं कांहीं आतां आम्ही लिहूं लागलों आहों. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही त्या यंत्रावर इंग्रजी लिपींतून मराठी पत्र बडवितों आणि नागपूरच्या बहिणीला धाडतों. ती तें वाचतांना अडखळते, आणि पुन्हां दोनदां वाचते, असें तिनें उत्तरांत कळविलें आहे. फोनवर ऐकलेलें बोलणें दोनदां कोण ऐकतो?

आणखी एक गोष्ट घडली. वाडा सोडण्यापूर्वींच्या दोन महिन्यांत काकूंनीं पुतणीला बारीक टांका शिकविला. काकूंना आतां सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं. तेवढें पुतणीनें करावें आणि टांका काकूंनीं सांगावा, असें चाले. चुकला कीं उसवावयास लावीत. त्यांतून एक पांढरें पोलकें तयार झालें, गोल कॉलरीचें, काकूंच्या मापाचें. नव्या घराच्या वास्तुशांतीला काकूंनीं तें निळ्या पातळावर घातलें. आलेल्या पाहुण्यांपैकीं कांहीं बायका एकमेकींकडे पाहून हंसल्या असतील. काकूंचें तिकडे लक्ष नव्हतें. त्यांची ती पाठची बहीण, आतां ऐंशी उलटलेली, काठी टेकीत आली. तिनें दारांतूनच तें पोलकें पाहिलें आणि ती तेथेंच थांबली. दोघी म्हाताऱ्या त्या दिवशीं बराच वेळ गॅलरींत बसल्या होत्या. काय बोलल्या, तें आम्हीं विचारलें नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरींहि कोठें एखादी मुलगी किटलीला झबलें घालीत असेल, एखादा मुलगा जुन्या तबकड्या जमवीत असेल. त्यांना एकदम हंसूं नये. त्यांच्याकडून एक कप चहा मागून घ्यावा आणि घरांतल्या सर्वांत वृद्ध बाईला त्याच वेळीं शेजारीं बसवावें. तरुणांनीं आपल्या वस्तु दाखवाव्या, वृद्धांनीं त्या वस्तूंमागचे कष्ट सांगावे, आणि मधल्या पिढीनें मध्यें न बोलतां ऐकावें. आमच्या नव्या घरांत दुपारच्या चहाला हा क्रम आपोआप पडला आहे. दादा अजूनहि त्याला पोरखेळच म्हणतात. फक्त हल्लीं दुसरा कप ते स्वतःच, झबलें सारून, किटलींतून ओतून घेतात.